निविदा भरण्याआधीचे पंधरा दिवस : भागीदारीत उतरणाऱ्या बांधकाम कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
एकत्र येऊन मोठ्या प्रकल्पांच्या निविदा भरणाऱ्या बांधकाम कंपन्यांची संचालक मंडळे

विषय : संयुक्त उपक्रमाचा पूर्ण करार निविदेआधी करण्याबाबत

स. न. वि. वि.

आम्ही नियोजन, बिलिंग, करार आणि प्रत्यक्ष साइट या विभागांत काम करणारे लोक आहोत. दोन-तीन कंपन्यांनी मिळून घेतलेल्या कामात रोज काय अडतं ते आधी आमच्या टेबलावर येतं आणि बऱ्याच उशिरा आपल्या बैठकीत पोचतं. तोवर इलाज महाग झालेला असतो. म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे: भागीदारीचा संपूर्ण करार निविदा सादर करण्याआधी लिहा, वाचा आणि त्यावर सह्या करा.

आज बहुतेक ठिकाणी काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. एका कंपनीकडे तसल्या कामाचा अनुभव असतो, दुसरीकडे उलाढाल असते, आणि दोघींचं मिळून पात्रतेचं गणित जमतं. मग दोन-तीन पानांचा सामंजस्य करार होतो. त्यात टक्केवारी असते, प्रमुख भागीदाराचं नाव असतं आणि एक वाक्य असतं: ‘सविस्तर करार काम मिळाल्यानंतर परस्पर संमतीने केला जाईल.’ आम्ही पाहिलेल्या बहुतेक वादांचं मूळ या वाक्यात आहे.

कारण काम मिळाल्यावर दोघांची स्थिती बदललेली असते. बयाणा अडकलेला असतो. स्वीकृतिपत्र हातात आलं की परफॉर्मन्स गॅरंटी, म्हणजे काम नीट पूर्ण करण्याची हमी, देण्याची मुदत सुरू होते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या करारनमुन्यात ती 28 दिवसांची आहे. आता कोणालाच मागे फिरता येत नाही, आणि हे दोघांनाही माहीत असतं. ज्याला कामाची गरज जास्त तो वाकतो आणि वाकल्याचं लक्षात ठेवतो. किंवा कोणीच वाकत नाही आणि मसुदा एका विधी विभागातून दुसऱ्या विधी विभागात फिरत राहतो. तिकडे साइटवर खोदाई सुरू होते, खर्च होतो, पहिलं बिल जातं, आणि पैसे कसे वाटायचे ते अजून लिहिलेलं नसतं. निविदेआधी मात्र प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते. ती असेपर्यंतच प्रामाणिक बोलणी होतात.

एकत्र येण्याची गरज खरी आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. 1931 साली अमेरिकेतल्या हूव्हर धरणाचं सुमारे 4 कोटी 89 लाख डॉलरचं काम ‘सिक्स कंपनीज’ या समूहाने घेतलं. 50 लाख डॉलरचा हमी-बाँड उभा करणं त्यांच्यापैकी एकेकट्याला झेपण्यासारखं नव्हतं, हे एकत्र येण्याचं मोठं कारण होतं. त्यांच्यातही मतभेद होते. पण साइटची सूत्रं फ्रँक क्रो या एका जनरल सुपरिंटेंडंटच्या हातात होती, आणि 1936 मध्ये धरण मुदतीच्या दोन वर्षं आधी ताब्यात दिलं गेलं.

पहिला निर्णय भागीदारीच्या प्रकाराचा. दोन मार्ग आहेत. एकात सगळे मिळून एकच तिजोरी, एकच साइट-टीम आणि एकच नफातोटा ठेवतात. याला आपण एकत्रित उपक्रम म्हणू. दुसऱ्यात काम वाटून घेतात आणि ज्याच्या वाट्याचं काम त्याचाच नफा, त्याचाच तोटा. हा विभागलेला उपक्रम. कंपन्यांना दुसरा प्रकार आवडतो, कारण हिशेब आपल्यापुरता राहतो आणि दुसऱ्याच्या चुकांची झळ लागणार नाही असं वाटतं. हे वाटणं फसवं आहे. मालकासमोर, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेसमोर, दोघेही संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे, म्हणजे प्रत्येक जण पूर्ण कामासाठी, जबाबदार असतात. चाळीस टक्के वाटा घेणारा शंभर टक्के कामाला बांधील असतो. आत कितीही भिंती घातल्या तरी मालक त्या पाहत नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. रस्त्याचे दोन लांब, वेगळे टप्पे असतील तर साखळी क्रमांकानुसार, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या खुणांनुसार, काम वाटा, हरकत नाही. पण बोगदा, भुयारी स्टेशन, धरण, रुग्णालयाची इमारत, म्हणजे जिथे एकाच जागेत एकाच वेळी दोघांचे हात लागणार, तिथे एकत्रित उपक्रमच करा. हिशेब अवघड जातो, पण सळईवाला आणि केबलवाला एकाच स्लॅबवर दोन वेगळ्या कंपन्यांसाठी राबत नाहीत.

तरीही काम वाटायचंच असेल तर हद्दीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे बुडतो.

एक उड्डाणपूल घ्या, अ आणि ब हे दोन भागीदार. पुलाचा पाया म्हणजे पाइल, जमिनीत खोल ओतलेले खांब, आणि त्यांच्या माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा म्हणजे पाइल कॅप. ‘पाइल अ कडे, पाइल कॅप आणि वरचं सगळं ब कडे’ एवढीच ओळ करारात असते. आता साइटवर या. पाइलचं काँक्रीट कट-ऑफ पातळीच्या, म्हणजे पाइलचा माथा जिथे हवा त्या पातळीच्या, वर साधारण 600 ते 900 मिमी जास्त ओततात, कारण सगळ्यात वरचा थर माती आणि पाणी मिसळून कमकुवत झालेला असतो. तो फोडायचा कोणी? फोडलेला माल उचलायचा कोणी? फोडताना सळई वाकली, तुटली तर? कॅपसाठी खड्डा खणायचा आणि त्यातलं पाणी उपसत राहायचं, ते पाइलवाल्याचं काम की कॅपवाल्याचं? पाइल नकाशातल्या जागेपासून 75 मिमीपर्यंत सरकलेला अनेक स्पेसिफिकेशनमध्ये चालतो. तो 130 मिमी सरकला तर डिझायनरला कॅप पुन्हा तपासावी लागते, बहुधा मोठी करावी लागते, सळई वाढते, नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो. ब म्हणतो, ‘चूक अ ची, मी थांबलो, माझी क्रेन उभी राहिली.’ अ म्हणतो, ‘मी माझं बिल मंजूर करून घेतलं, माझं काम संपलं.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण करारात या बाबतीत काही नसतं.

इमारतीत हेच स्लॅबमधल्या स्लीव्हबाबत होतं. पाण्याच्या, वीजेच्या, वातानुकूलनाच्या पाइपसाठी काँक्रीट ओतण्याआधी स्लीव्ह बसवायच्या असतात. सेवांचं काम करणाऱ्या भागीदाराचे नकाशे उशिरा येतात, स्थापत्यवाला थांबत नाही, काँक्रीट ओततो, आणि मग कोअर कटिंग, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटला भोकं पाडणं, सुरू होतं. साध्या स्लॅबमध्ये सळई कापली जाते. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये टेंडनला, म्हणजे ताण दिलेल्या पोलादी तारांना, ड्रिल लागलं तर माणसाच्या जिवाशी गाठ असते. दोष उशिरा आलेल्या नकाशाचा की न थांबलेल्या काँक्रीटचा, हा वाद मग वर्षभर चालतो.

यावर उपाय म्हणजे हद्दीचा तक्ता. निविदेचा दर काढतानाच तो करायचा. दर ओळीत एक बाब: वस्तू पुरवणार कोण, बसवणार कोण, चाचणी कोण करणार आणि चाचणीचे पैसे कोण देणार, ताब्यात देताना ती कोणत्या अवस्थेत हवी, किती मिमी फरक चालेल, कोणत्या तारखेला, कोणत्या नकाशाप्रमाणे. मध्यम आकाराच्या पुलालाही अशा शंभरावर ओळी सहज होतात. कंटाळवाणं काम आहे, पण दोन्हीकडचे अनुभवी अभियंते तीन-चार दिवस एका खोलीत बसले तर होतं. या बैठकीचा आणखी एक फायदा असा की आपला भागीदार काम कसं करतो ते तिथे कळतं. जो माणूस पाइल फोडण्याच्या ओळीवर अर्धा तास टाळाटाळ करतो, तो साइटवर काय करेल याचा अंदाज येतो.

तक्ता करताना हद्दच हलवता येते का तेही पाहा. वरच्या उदाहरणात पाइल आणि कॅप एकाच भागीदाराकडे दिले तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत. हद्द पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, माथ्यावर नेली की ताब्यात देण्याची वस्तू मोजकी होते: बेअरिंगचे पेडेस्टल (वरचे गर्डर ज्यांच्यावर टेकतात ते लहान ओटे), त्यांची पातळी, बोल्टची छिद्रं. मोजायला सोपं, सही करायला सोपं. काम एका हातातून दुसऱ्या हातात जितक्या कमी वेळा जाईल तितकं बरं.

सर्व्हे मात्र कधीही वाटून घेऊ नका. दोघांच्या सर्व्हेअरनी वेगवेगळे बेंचमार्क, म्हणजे मोजणीचे संदर्भबिंदू, धरले की 15-20 मिमीचा फरक कुठेतरी निघतोच, आणि तो गर्डर ठेवण्याच्या दिवशी निघतो. संपूर्ण प्रकल्पाला एकच नियंत्रण-जाळं, एकच सर्व्हे टीम, ठरावीक काळाने त्याची फेरतपासणी, आणि प्रत्येक हस्तांतरणाला दोघांची सही असलेलं मोजमापाचं पान.

आता निविदेच्या दराकडे वळतो. विभागलेल्या उपक्रमात प्रत्येक जण आपापल्या भागाचा दर काढतो आणि बेरीज करून निविदा भरतात. या बेरजेतून दोन गोष्टी निसटतात. एक, सामाईक खर्च: साइट ऑफिस, आतले रस्ते, तात्पुरती वीज, पाणी, प्रयोगशाळा, सुरक्षा, वाहतूक नियंत्रण, मालकाच्या अभियंत्यांसाठीची वाहनं. प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्याने धरलं असेल. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे, ती म्हणजे आदल्या रात्रीची सूट. प्रमुख भागीदाराचा वरिष्ठ अधिकारी बाजाराचा अंदाज घेऊन शेवटच्या क्षणी एकूण रकमेतून चार टक्के कापतो. कोणाच्या भागातून? सगळ्यांच्या सारख्या प्रमाणात कापले तर ज्याने दर आधीच घासून काढला होता तो तोट्यात जातो, आणि ज्याने ऐसपैस धरला होता त्याला काही फरक पडत नाही. ही सूट कशी वाटायची, ती देण्याचा अधिकार कोणाला आणि किती टक्क्यांपर्यंत, हे लिहून ठेवा. दोघांच्या अंदाजपत्रक विभागांनी एकमेकांचे दर उघडे करून तपासणं हा त्याहून चांगला मार्ग. एकाच ग्रेडच्या काँक्रीटला दोघांनी वेगळा दर धरला असेल, तर का, हे निविदेआधी समजायला हवं. पुष्कळदा एकाने पंपिंग धरलेलं नसतं किंवा सिमेंटच्या वापराचा अंदाज चुकलेला असतो.

पैशाचा प्रश्न टक्केवारीने सुटत नाही. तो तारखांनी सुटतो. समजा प्रकल्पाचा दरमहा खर्च 100 एकक आहे. महिन्यात केलेलं काम महिनाअखेरीला सरासरी 15 दिवस जुनं झालेलं असतं. बिल तयार व्हायला 10 दिवस, आणि ते मालकाच्या अभियंत्याकडे गेल्यापासून पैसे यायला, फिडिकच्या त्याच नमुन्याप्रमाणे, 56 दिवसांपर्यंत. एकूण 81 दिवस, म्हणजे जवळपास 2.7 महिने. याचा अर्थ कोणत्याही वेळी सुमारे 270 एकक भागीदारांच्या खिशातून बाहेर असतात. पुरवठादारांची उधारी आणि आगाऊ रक्कम यांनी हा आकडा खाली येतो. रिटेन्शन (मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम), अडकलेली बिलं आणि आगाऊ रकमेची वसुली त्याला परत वर नेतात. चाळीस टक्केवाल्या भागीदाराने 108 एकक उभे करायची तयारी ठेवायला हवी, आणि तेही काम ऐन भरात असताना, जेव्हा त्याची इतर कामंही पैसे मागत असतात. हे गणित निविदेआधी दोघांच्या वित्त विभागांनी एकत्र बसून, महिन्यागणिक तक्ता करून मांडावं. ज्याला हा तक्ता पाहून घाम फुटतो त्याने तेव्हाच मागे हटणं सगळ्यांच्या हिताचं.

करारात पैसे मागण्याची पद्धत अशी हवी: दर महिन्याच्या ठरावीक तारखेला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज, मागणीची सूचना दिल्यापासून 10 दिवसांत भरणा, न भरल्यास 7 दिवसांची दुसरी सूचना, त्यानंतर दुसऱ्या भागीदाराला ती रक्कम भरून जबर व्याजाने वसूल करण्याचा हक्क. त्यानंतरही थकबाकी राहिली तर थकबाकीदाराचा मतदानाचा अधिकार स्थगित आणि नफ्यातला वाटा कमी. तोट्यातला वाटा मात्र तेवढाच. कठोर वाटतं, पण पैसे भरणं टाळणं स्वस्त पडू लागलं की ते टाळलं जातंच. खातं एकच ठेवा, त्यावर प्रत्येक भागीदाराची सही लागेल असं करा, आणि मालकाकडून आलेले पैसे आधी मजूर, पुरवठादार आणि कर यांना, मग भागीदारांना, हा क्रम बँकेलाच लिहून द्या.

पनामा कालव्याच्या विस्तारातल्या नव्या जलपाशांचा, म्हणजे जहाजं वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांचा, करार 2009 मध्ये चार कंपन्यांच्या समूहाला सुमारे 312 कोटी डॉलरना मिळाला. पुढे समूहाने सुमारे 160 कोटी डॉलरच्या वाढीव खर्चाचा दावा केला, 2014 च्या फेब्रुवारीत वाद चिघळून काम काही दिवस थांबलं, आणि नव्या जलपाशांतून वाहतूक सुरू झाली ती 26 जून 2016 ला. वाढीव खर्च कोणाचा हा प्रश्न सुटेपर्यंत तो खर्च रोज कोणीतरी करत राहावं लागतो. भागीदारांची खरी परीक्षा त्या काळात होते.

यंत्रसामग्रीबद्दल बोलायला सगळे कचरतात, म्हणून आम्ही बोलतो. भागीदार स्वतःची क्रेन, बॅचिंग प्लांट, शटरिंग उपक्रमाला भाड्याने देतो. भाडं जास्त ठरलं की उपक्रम तोट्यात असतानाही तो भागीदार कमावत राहतो. त्याला काम लवकर संपवण्याची घाई उरत नाही, कारण क्रेन जितके महिने उभी तितकं भाडं. हीच गोष्ट त्याच्या भगिनी कंपनीकडून घेतलेल्या सळईची, स्टोन क्रशरच्या खडीची, डिझाइन कंपनीच्या फीची. नियम साधा ठेवा: भागीदाराशी संबंधित कोणतीही खरेदी किंवा भाडं दुसऱ्या भागीदाराच्या मंजुरीशिवाय नाही, बाहेरचे किमान दोन दर सोबत हवेत, भाडं म्हणजे मालकीचा खर्च आणि देखभाल, त्यावर नफा नाही, यंत्र बंद पडलं तर त्या तासांचं भाडं नाही, तासांची नोंद ऑपरेटरच्या वहीतून नव्हे, यंत्राच्या मीटरवरून. माणसांचंही तसंच. दोन्ही कंपन्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर मुख्यालयाचा भार किती टक्के लावायचा ते आधी ठरवा, आणि प्रत्येक पदाला माणूस दोघांच्या मुलाखतीनंतरच घ्या. नाहीतर ज्यांना आपल्या इतर कामांवर जागा नाही अशी माणसं भागीदारीच्या साइटवर पाठवली जातात. हे घडतं आणि सगळ्यांना दिसतं.

अधिकाराची बाब थोडक्यात. साइटवर एकच प्रकल्प संचालक, आणि त्याचा आदेश दोन्ही कंपन्यांच्या माणसांवर सारखाच चालणारा. त्याची मूळ कंपनी कोणती हे त्याच्या खालच्यांनी विसरायला हवं. त्यासाठी त्याची बढती आणि बोनस दोन्ही कंपन्यांनी मिळून ठरवावा. वर व्यवस्थापन समिती, महिन्यातून एकदा. सर्वानुमते लागणारे विषय मोजकेच ठेवा: अंदाजपत्रकात ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा बदल, नवी बँक गॅरंटी, मालकाशी दाव्याची तडजोड, कामाच्या वाटपात फेरफार. बाकी सगळं बहुमताने किंवा प्रकल्प संचालकाच्या अधिकारात. प्रत्येक गोष्टीला एकमत मागितलं की 50-50 च्या उपक्रमात खडीची ऑर्डरसुद्धा अडते. कोंडी झालीच तर तिला घड्याळ लावा: साइटवर 2 दिवस, समितीत 5 दिवस, दोन्ही मुख्य अधिकाऱ्यांकडे 10 दिवस, आणि तरीही नाही सुटली तर आधीच नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाचा निर्णय तात्पुरता बंधनकारक. काम कोणत्याही टप्प्यावर थांबणार नाही, हे वाक्य स्वतंत्र कलमात हवं.

समितीच्या बैठकीत आजवर झालेला खर्च पाहण्यात अर्धा वेळ जातो. पाहायला हवा तो काम पूर्ण होईपर्यंत लागणारा खर्च, दर महिन्याला नव्याने काढलेला. विभागलेल्या उपक्रमात हा आकडा भागीदार एकमेकांपासून लपवतात, कारण तो सांगणं म्हणजे कमजोरी कबूल करणं असं त्यांना वाटतं. दोघांनीही एकमेकांची वही पाहायचा हक्क करारातच घेतला तर ही लपवाछपवी बरीच कमी होते.

दाव्यांच्या, म्हणजे मालकाकडे जादा पैसे किंवा मुदत मागण्याच्या, सूचनांबद्दल आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते, कारण इथे हक्काचे पैसे निव्वळ तारीख चुकल्याने जातात. फिडिकच्या 1999 आणि 2017 च्या दोन्ही नमुन्यांत घटना कळल्यापासून 28 दिवसांत मालकाच्या बाजूला सूचना द्यावी लागते. सविस्तर दाव्याला 1999 मध्ये 42 आणि 2017 मध्ये 84 दिवस आहेत. मालकाला पत्र फक्त प्रमुख भागीदार लिहू शकतो. म्हणून आतली मुदत लहान हवी: घटना कळल्यापासून 7 दिवसांत भागीदाराने प्रमुख भागीदाराला कळवायचं आणि त्याने पुढच्या 7 दिवसांत पत्र पाठवायचं. उरलेले 14 दिवस चुकांसाठी राखून ठेवा.

यात एक नाजूक गाठ आहे. प्रमुख भागीदाराची त्याच मालकाकडे आणखी दोन कामं सुरू असतात. त्याला संबंध बिघडवायचे नसतात. जमीन तीन महिने उशिरा मिळाली तरी तो पत्र लिहित नाही, आणि दुसऱ्या भागीदाराचा हक्क 29 व्या दिवशी मरतो. करारात असं कलम घाला: कोणत्याही भागीदाराने लेखी सांगितलं तर प्रमुख भागीदाराने त्याच्या वतीने आणि त्याच्या खर्चाने सूचना पाठवलीच पाहिजे, न पाठवल्यास बुडालेल्या रकमेची जबाबदारी प्रमुख भागीदाराची.

एकमेकांविरुद्धच्या दाव्यांना मात्र छत घाला. अ मुळे ब ला उशीर झाला तर उभ्या राहिलेल्या यंत्रांचा आणि माणसांचा खर्च, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. बुडालेल्या नफ्याची मागणी नाही. मालकाने लावलेला विलंबाचा दंड ज्याच्यामुळे लागला त्याने सोसायचा. दोघांमुळे असेल तर वाट्याच्या प्रमाणात. हे छत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दोन्हीकडचे अभियंते एकमेकांविरुद्ध फायली जमवू लागतात. ‘आमचं शटरिंग दोन दिवस मागे आहे’ एवढं साधं वाक्य कोणी बैठकीत बोलत नाही, कारण ते उद्या पुरावा होईल. त्या दिवसापासून वेळापत्रक खोटं बोलू लागतं, आणि खोट्या वेळापत्रकावर कोणाचंच काम होत नाही. प्रकल्पाचं वेळापत्रक एकच असावं, त्यातला मोकळा वेळ कोणा एकाचा नसून प्रकल्पाचा असावा, आणि तो वापरायचा तर प्रकल्प संचालकाला विचारून.

भागीदार मध्येच कोसळला तर काय, हा विचार लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाबद्दल बोलण्यासारखा वाटतो. पण 15 जानेवारी 2018 ला कॅरिलियन ही ब्रिटनमधली मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या वळणरस्त्याचं काम अपूर्ण होतं. तिथे तिच्यासोबत बाल्फर बीटी आणि गॅलिफर्ड ट्राय हे भागीदार होते. उरलेल्या दोघांना ते काम तिच्या वाट्याच्या भारासह पूर्ण करावं लागलं. संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीचा अर्थ प्रत्यक्षात हा असा असतो. म्हणून भागीदाराचे ताळेबंद निविदेआधी तपासा, त्याच्या हातातली इतर कामं आणि दिलेल्या गॅरंटी मोजा, त्याच्या मूळ कंपनीची हमी घ्या. करारात हेही हवं की दिवाळखोरी किंवा सलग दोन थकबाक्या झाल्या तर उरलेला भागीदार काम हाती घेईल. साइटवरचं साहित्य, तात्पुरती बांधकामं, नकाशे आणि उपकंत्राटदारांचे करार त्याच्याकडे येतील. त्यासाठी प्रत्येक उपकंत्राट पहिल्या दिवसापासून उपक्रमाच्या नावावर करा, एकट्या भागीदाराच्या नावावर नको.

विमा निविदेआधी विमातज्ज्ञाकडून वाचून घ्या. बांधकामाची पॉलिसी सर्व भागीदारांच्या नावे एकच असावी आणि एका भागीदाराने दुसऱ्याचं नुकसान केलं तर विमा कंपनी त्या भागीदारामागे वसुलीला लागणार नाही असं तिच्यात लिहिलेलं असावं. डिझाइनच्या जबाबदारीच्या विम्यात संयुक्त उपक्रमातलं काम अनेकदा वगळलेलं किंवा मर्यादित असतं. ते पडझड झाल्यावर कळून उपयोग नाही.

शेवटचा टप्पा सगळे विसरतात. काम पूर्ण होतं, साइट ऑफिस मोडतं, माणसं दुसऱ्या कामांवर जातात, आणि दोषदायित्वाची मुदत मात्र सुरूच असते. गळकं तळघर किंवा सरकलेला एक्स्पान्शन जॉइंट दुरुस्त करायला कोणाची माणसं येणार, रिटेन्शनचे पैसे आणि अडकलेले दावे यांचा पाठपुरावा कोणी करायचा, मोजमापाची पुस्तकं आणि चाचण्यांचे अहवाल किती वर्षं कोणाकडे राहणार, यासाठी एक लहान टीम आणि राखीव रक्कम करारातच ठेवा. नफ्याचं अंतिम वाटप ती मुदत आणि शेवटची बँक गॅरंटी सुटेपर्यंत पूर्ण करू नका.

यातली जवळपास प्रत्येक गोष्ट निविदेआधीच्या पंधरा दिवसांत होऊ शकते. हद्दीचा तक्ता अभियंते करतील, पैशांचा तक्ता वित्त विभाग करील, करार आपले वकील लिहितील. काम मिळालं नाही तर वाया जातो तो एवढाच वेळ. आमची विनंती अशी की पुढच्या संयुक्त निविदेच्या मंजुरीचं टिपण आपल्यासमोर येईल तेव्हा त्याला तीन कागद जोडलेले आहेत का ते आधी पाहा: दोन्ही बाजूंनी सही केलेला पूर्ण भागीदारी करार, हद्दीचा तक्ता आणि महिनावार रोख-प्रवाहाचा तक्ता. एक जरी नसेल तर टिपण परत पाठवा, निविदेची तारीख उद्याची असली तरी.

आपले,
प्रकल्पांवरील नियोजन, बिलिंग, करार आणि साइट विभागातील सहकारी